लाभ : निरंक

आग लागलीच नाही, तर ती विझविण्याच्या तयारीचा खर्च कोणत्या खाती टाकावा, हा गहन प्रश्न कर्जत-खालापूरकडील एका शाळेच्या व्यवस्थापनाने नुकताच निकालात काढला. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण वाचकांपैकी निम्मे तिच्यातूनच शिकून बाहेर पडले आहेत. तक्त्याच्या एका बाजूस लाल अग्निशामक नळकांडे, त्याची भरणी आणि २००६ च्या आग प्रतिबंधक अधिनियमान्वये दर जानेवारी-जुलैत द्यावयाचा दाखला यांचा खर्च. दुसऱ्या बाजूस ‘लाभ’ या सदराखाली एकच शब्द : निरंक.

हिशेब बिनचूक आहे.

नळकांडे मात्र आहे, आणि ते कुलूपबंद फडताळात आहे. जडवस्तू नोंदवहीत ते चढलेले असल्यामुळे गहाळ झाल्यास त्याची किंमत मुख्याध्यापकांच्या वेतनातून वसूल व्हावयाची. शाळा जळाल्यास मात्र अशी वसुली कोणाकडूनच होत नसल्याने, दोहोंपैकी कशाचे रक्षण अधिक कसोशीने करावे याविषयी सुज्ञ मनुष्यास संदेह उरत नाही. किल्ली लिपिकांच्या कडदोऱ्याला, आणि लिपिक बहुधा दप्तर घेऊन तालुक्याला. तेव्हा या शाळेत लागू इच्छिणाऱ्या आगीने प्रथम लिपिकांच्या रजेचा तक्ता पाहावा, ते जागेवर असल्यास मधली सुट्टी टाळून यावे, मागणीपत्राच्या दोन प्रती होईतो स्वयंपाकखोलीतच थांबावे, नळकांड्याची पोच नोंदवहीत सही-शिक्क्यानिशी लिहिली जाईपर्यंत व्हरांडा ओलांडू नये, आणि एवढे होऊनही नळकांड्यावरचा काटा हिरव्या पट्ट्यातून केव्हाच उतरलेला आढळल्यास, भरणीच्या खर्चास मंजुरी मिळेपर्यंत, सभ्य अभ्यागताप्रमाणे, मुख्याध्यापकांच्या दालनाबाहेरील बाकावर बसून राहावे.

जवळच कोंडाण्याची लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी तेथे लाकडी बांधकामाची हुबेहूब नक्कल दगडात कोरली. तेथे दगडाने लाकडाचे सोंग घेतले. येथे लाल रंगाने सुरक्षिततेचे घेतले आहे, इतकेच.

आता त्या ‘निरंक’विषयी. १६ जुलै २००४ रोजी कुंभकोणम येथे शाळेच्या स्वयंपाकघरातून उठलेली आग शाकारलेल्या छपरातून वर्गांवर आली आणि ९४ मुले गेली. लाभाचे सदर कसे भरावयाचे हे त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले. तरीही आमच्याकडे खिचडीची चूल वर्गाला खेटूनच, सरपण जिन्याखाली, आणि बाके चोरीस जाऊ नयेत म्हणून खिडक्यांना पक्के गज व मागील दारास बारमाही टाळे! बाके लाकडाची, चोरापासून त्यांना जपावयाचे, आणि आगीपासून कोणालाच जपावयाचे नाही, ही कोणती व्यवहारदृष्टी? मुलाला दारातून बाहेर पडता यावे यासाठी ‘लाभ’ सिद्ध करावा लागतो आणि टाळ्यासाठी लागत नाही, हा हिशेब मांडणाऱ्यांना एक दिवस, केवळ एकच दिवस, दुपारच्या खिचडीच्या वेळी त्या मागल्या वर्गात बसवावे.

असो. व्यवस्थापनाचा ठराव एकमताने संमत झाला आहे : नळकांडे आजवर एकदाही वापरले गेले नसल्याने ते सुस्थितीत असल्याचे गृहीत धरून यंदाची भरणी रद्द करावी, आणि वाचलेल्या रकमेतून फडताळास दुसरे कुलूप घ्यावे.