प्रियाचं अजून जमत नाही

अमेरिकेतला भाचा दिवाळीला आला तो बदाम-पिस्त्यांऐवजी सीअर्स रोबक कंपनीचा पन्नासच्या दशकातला एक कॅटलॉग घेऊन. "मामा, तुम्हाला जुन्या गाड्यांचा नाद आहे ना?" म्हणाला आणि पाटाएवढं ते बाड माझ्या मांडीवर ठेवलं. आमच्या सांगलीत एवढी जाड वस्तू मांडीवर आली की माणूस आधी पोथी समजून नमस्कार करतो. मीही केला.

पानं उलटली आणि वाटलं, नमस्कार वाया गेला नाही. ही मंडळी काय विकत नव्हती! 1908 ते 1940 या काळात तर त्यांनी अख्खी घरं टपालानं विकली. पानावरचं घर निवडायचं, पैसे पाठवायचे, की लाकूड, खिळे, नकाशा सगळं रेल्वेनं दारात. मोटारसायकल त्यांनी 1912 सालीच कॅटलॉगात छापली होती. तेव्हा आमच्या कृष्णेवर आयर्विन पूल व्हायला सतरा वर्षं अवकाश होता. तिकडचा शेतकरी बनियन, फावडं आणि मोटारसायकल एकाच यादीत लिहून पाठवू शकत होता. आमच्याकडे बनियनसुद्धा दोन दुकानं हिंडून, ओढून बघून, भाव पाडून घेतात.

सीअर्सच्या गाड्यांचं नाव 'ऑलस्टेट'. पण सीअर्स त्या बनवत नसे, नुसतं बारसं करत असे. त्यातली मोटारसायकल ऑस्ट्रियाच्या पुख कंपनीची. तिच्या इंजिनात पिस्टन दोन, पण जळायची जागा एकच. म्हणजे दोन भाऊ, एक चूल. असलं एकत्र कुटुंब अमेरिकेत चाललं याचंच मला नवल. सीअर्सशी स्पर्धा करणारं माँटगोमेरी वॉर्ड हे दुकान 'रिव्हरसाइड' नावाखाली इटलीची लॅम्ब्रेटा आणि पुढं बेनेली विकायचं. आणि ऑलस्टेटची स्कूटर? ती तर पियाजिओची वेस्पा! 1951 पासून सीअर्स ती आपल्या नावानं विकत होतं.

चित्र पाहिलं आणि मी चष्मा पुसला. तोच फुगीर पार्श्वभाग, तोच गोल दिवा. ही तर आमची प्रिया!

नातं खरंच होतं. बजाजनं 1960 साली पियाजिओशी करार करून इकडं वेस्पा बनवायला घेतली. करार संपल्यावर ती आपल्याच नावानं बनू लागली. 1975 साली बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांनी मिळून साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स काढली. तिथली स्कूटर ती प्रिया. इटालियनमध्ये वेस्पा म्हणजे गांधीलमाशी. साताऱ्याला येईपर्यंत गांधीलमाशीची प्रिया झाली, हा पाण्याचा गुण.

फरक इतकाच की ऑलस्टेट कॅटलॉगातून मिळे आणि प्रिया नंबरानं. कारखान्यानं वर्षाला किती गाड्या करायच्या, हे तेव्हा दिल्लीचा परवाना ठरवी आणि घ्यायला निघालेला अख्खा देश. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, 1977 साली नंबर लावला. डिपॉझिटाचं पासबुक देवघरात, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला ठेवलं. घाई असलेले लोक 'ऑन', म्हणजे वर जादा पैसे, देऊन दुसऱ्याचा नंबर उचलत. दादा म्हणायचे, "आपल्याला घाई कसली? आपला माणूस आहे साताऱ्यात."

हा माणूस म्हणजे आतोबा. निवृत्त तलाठी. साताऱ्याला राहायचे आणि संध्याकाळी एमआयडीसीकडे फिरायला जायचे. त्यांचा कारखान्याशी संबंध एवढाच की ते फाटकासमोरून जात. पण दादांनी "जरा लक्ष असू द्या" म्हटलं आणि आतोबांनी ते सरकारी काम समजून अंगावर घेतलं. दर आठवड्याला पोस्टकार्ड. "आज दोन ट्रक भरून गेले. ताडपत्री असल्याने रंग दिसला नाही." "मंगळवारी एकही ट्रक नाही. पाऊस होता." ट्रक सुटले की आतोबांना आनंद व्हायचा आणि तो आमच्या नंबरात मिसळून ते आम्हाला कळवायचे.

अडचण झाली ती पोस्टकार्डाची. ते उघडंच असतं. एकदा आतोबांनी लिहिलं : "प्रियाचं अजून जमत नाही. मंडळींनी धीर धरावा. मागणी फार आहे." आमचे पोस्टमनकाका जबाबदार माणूस. सगळ्या गल्लीचं वाचल्याशिवाय ते कुणाला काही देत नसत. तेव्हा घरात लग्नाचा असा एकच होता, माझा बाळूकाका. दुसऱ्या दिवशी समोरच्या काकू साखर मागायला आल्या आणि आईला हळूच म्हणाल्या, "साताऱ्याची मुलगी बघताय म्हणे. मागणी फार आहे तर हुंड्याचा हट्ट धरू नका हो!"

आईनं खुलासा केला, पण तो फार जणांना पटला नाही. सात वर्षांत बाळूकाकाचं लग्न होऊन दोन मुलं झाली, तरी पोस्टमनकाका कार्ड देताना बाळूकाकाकडे दुःखानं बघायचे.

आई मात्र नंबराच्या भानगडीत कधी पडली नाही. तिचं एकच म्हणणं. "निळी मिळाली तर बघा."

1984 साली नंबर लागला. आली ती करड्या रंगाची. चाकाखाली लिंबू, हँडलला हार, पहिली फेरी गणपतीच्या देवळाला. मग दादा म्हणाले, "आता हिला माहेरी नेऊन आणली पाहिजे." मला मागं बसवून आष्टा, इस्लामपूर, कराड करत आम्ही साताऱ्याला निघालो. उंब्रजच्या अलीकडे गाडी थांबली. दादांनी ती आडवी केली, उभी केली, प्लग काढून फुंकला, पुन्हा आडवी केली. उसाचा बैलगाडीवाला थांबून म्हणाला, "पाव्हणं, पेट्रोल रिझर्वला लावलंय का?" दादांनी न बोलता कॉक फिरवला. पुढं साताऱ्यापर्यंत ते काही बोलले नाहीत.

आत्यानं दिव्याला हळदकुंकू लावलं, पुढ्यात कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला. आतोबांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. सात वर्षांत ती त्यांना पहिल्यांदाच ताडपत्रीबाहेर दिसत होती. "ही मी जाताना बघितलेली आहे," ते म्हणाले. कुणी हरकत घेतली नाही.

"आतोबांची कार्डं आहेत अजून?" भाच्यानं विचारलं. आहेत, बिस्किटांच्या डब्यात. मी डबा काढून कॅटलॉगाशेजारी ठेवला. जाडी जवळपास सारखीच. त्यानं अगदी तळातलं, शेवटचं कार्ड उचललं. ते गाडी घरी आल्यावर पंधरा दिवसांनी आलेलं होतं. आतोबांना कुणी थांबा असं सांगितलंच नव्हतं.

"आज तीन ट्रक गेले. वाऱ्याने ताडपत्री उडाली होती. एक निळी होती. वहिनींना सांगावे."

आईनं ते तेव्हा दोनदा वाचलं होतं. "बघा, होती की नाही?" असं दादांना म्हणाली आणि स्वतःच्या हातानं या डब्यात ठेवलं.