न मिळालेल्या चकलीचे मालक यांस

श्री. कार्डधारक,
एडिसन, न्यू जर्सी

स. न. वि. वि.

आपलं अभिनंदन करावं म्हणून हे पत्र. खरं तर ते पोस्टानेच पाठवायचं होतं. पण आपल्या पत्त्यावर पाठवलेल्या वस्तू पोचत नाहीत, असं आपण बँकेला कळवलं आहे. तेव्हा खुलं पत्र बरं.

दिवाळीआधी आपण माझ्याकडून फराळाचा डबा मागवलात. चकली, बेसनाचे लाडू, शंकरपाळे आणि थोडे अनारसे. आपल्या कल्याणच्या मातोश्रींनी माझं नाव सुचवलं होतं, म्हणून अनारसे मी स्वतः बसून तळले. डबा डोंबिवलीहून निघाला, मुंबईहून उडाला आणि कुरिअरच्या नोंदीप्रमाणे आपल्या दारात उतरला. त्याचा फोटो आहे. फोटोत दारावरचा घरनंबर आहे, पायपुसणं आहे, पायपुसण्यावर डबा आहे. पाठोपाठ आपला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला : "काकू, चकली एकदम खुसखुशीत! शंकरपाळे जरा कमी गोड चालले असते." मी वहीत लिहून ठेवलं : न्यू जर्सी, साखर कमी.

तुळशीची लग्नं उरकली आणि पेमेंट गेटवेची ई-मेल आली. कार्डधारकाला माल मिळालेला नाही, सबब रक्कम परत मागितली आहे. याला चार्जबॅक म्हणतात.

जी चकली मिळालीच नाही ती खुसखुशीत असल्याचं आपल्याला समजलं, ही साधी गोष्ट नव्हे. लोक आयुष्यभर पारायणं करतात तरी वस्तूचा मोह सुटत नाही. आपण वस्तू खाऊनही तिच्यापासून अलिप्त राहिलात.

अशा तक्रारींना क्रमांक असतात, हेही मला आपल्यामुळेच कळलं. व्हिसा कार्डाच्या यादीत १०.४ म्हणजे 'हा व्यवहार मी केलाच नाही', १३.३ म्हणजे 'माल सांगितल्यासारखा नव्हता' आणि १३.१ म्हणजे 'माल मिळालाच नाही'. आपण १३.१ निवडलात, त्याबद्दल मी ऋणी आहे. १३.३ निवडला असतात, तर माझ्या भाजणीवर डाग आला असता. आपण तो फक्त माझ्या सचोटीवर ठेवलात.

पुढचा सगळा प्रकार खो-खोसारखा झाला. आपण आपल्या बँकेला सांगितलं, तिने कार्डाच्या नेटवर्कला खो दिला, नेटवर्कने इथल्या बँकेला, इथल्या बँकेने गेटवेला आणि गेटवेने मला. माझ्यापुढे कुणीच बसलेलं नाही, त्यामुळे डाव तिथेच संपला. माझ्या खात्यातून आधी रक्कम वळती झाली आणि मग 'आपली बाजू मांडा' असं सांगितलं गेलं. चार्जबॅक हाताळण्याची फी वेगळी लावली. पहिल्या व्यवहारावर कापलेलं कमिशन तर परत येत नाहीच. म्हणजे डबा माझा गेला, डब्याचे पैसे गेले, आणि ते नेण्याची हमालीही मीच दिली.

बाजू मांडायला मी उत्साहाने बसले. बिल, कुरिअरची पावती, ट्रॅकिंगची पानं, पायपुसण्याचा फोटो, आपला निरोप, शिवाय माझा फूड लायसन्सचा नंबर. तो कुणी मागितला नव्हता, पण कुठल्या तरी सरकारने मला खरं मानलं आहे एवढं तरी दिसावं. माझा भाचा सीए करतो आहे. फाइल बघून तो म्हणाला, "मामी, सही आहे का?" सही नव्हती. दारात डबा ठेवून गेलेल्या कुरिअरवाल्याने फक्त पायपुसण्याची साक्ष घेतली होती.

आपण म्हणाल, ओटीपी का नाही मागितला? भारतात २००९ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑनलाइन कार्ड चालवताना जादा पडताळणी लागते. डोंबिवलीतली माझी गिऱ्हाइकं अर्धा किलो चिवड्यालासुद्धा मुकाट ओटीपी घालतात. परदेशात दिलेल्या कार्डाला ती सक्ती नाही. आणि असती तरी माझा काय फायदा होता? पडताळणी झालेली असली, की 'मी केलंच नाही' या तक्रारीचा भार सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जातो. 'माल मिळालाच नाही' म्हणणाऱ्यापुढे ती ढाल चालत नाही. आपण नेमकं दार निवडलंत.

विक्रेत्यांची कुणालाच दया येत नाही, असं मात्र नाही. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून एक सवलत ठेवली आहे. त्याच गिऱ्हाइकाचे आधीचे दोन व्यवहार दाखवायचे, तेही वादाआधीच्या १२० ते ३६५ दिवसांतले आणि तक्रार न झालेले. आयपी पत्ता किंवा यंत्राची ओळख अशा खुणा जुळल्या, की विक्रेत्याचं म्हणणं मान्य होतं. पण ही सवलत फक्त १०.४ ला, म्हणजे आपल्या १३.१ ला तिचा उपयोग नाही. असता तरी मी कुठून आणणार होते दोन व्यवहार? फराळाचं गिऱ्हाईक वर्षातून एकदा उगवतं. वाद डिसेंबरात निघाला, की गेल्या दिवाळीची ऑर्डर ३६५ दिवसांच्या पलीकडे जाते. त्यात अधिक मास आला, तर विचारायलाच नको. नियम करणाऱ्यांनी पंचांग बघितलेलं दिसत नाही.

मी हे सगळं चिडून लिहीत नाही. आपण वापरलेला हक्क कुठून आला तेही मी वाचलं. १९७४ साली अमेरिकेत फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट झाला. ठरल्याप्रमाणे न पोचलेला माल ही बिलातली चूक धरावी, ग्राहकाने ६० दिवसांत लेखी कळवावं आणि चौकशी होईपर्यंत त्याच्यामागे वसुलीचा तगादा लावू नये. चांगला कायदा आहे. एका बाजूला बँक आणि दुकान, दुसऱ्या बाजूला एकटा माणूस; त्याला आधार हवाच होता. कार्ड कंपन्यांनी आपल्या नियमांत बहुतेक तक्रारींना १२० दिवस दिले, तेही समजू शकते.

पण तेव्हा तक्रार करायची म्हणजे कागद घ्यावा लागे, हकिगत लिहावी लागे, पाकिटावर तिकीट चिकटवावं लागे. तेवढ्या वेळात खोटं लिहिणाऱ्याचा हात एखाद्या ओळीवर तरी अडत असेल. आता अ‍ॅपमध्ये बटण आहे. ते दाबायला चकली खाली ठेवावी लागत नाही. शिवाय कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे दुकान म्हणजे काचेची दारं असलेलं मोठं दुकान असणार. डोंबिवली पूर्वेतला एक ओटा, दोन शेगड्या आणि दिवाळीपुरत्या मदतीला येणाऱ्या बायका त्यांना दिसल्या नसणार. धाकट्याला थोरल्यापासून वाचवायला काठी केली. आज एडिसनच्या घरातून ती माझ्या ओट्यावर पडते आहे, आणि यात थोरला कोण, हे बटणाला कळत नाही. आपल्याला कळत होतं.

लबाड विक्रेते नाहीत, असं मी म्हणणार नाही. पैठणीचा फोटो दाखवून पैसे घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी वेबसाइटच गायब करायची, असे महाभाग पुष्कळ आहेत. त्यांनी बुडवलेल्या बाईला चार्जबॅक मिळालाच पाहिजे. तिच्या आणि आपल्या अर्जावर क्रमांक मात्र एकच, १३.१. आपल्यासारखे अर्ज वाढले, की उद्या तिच्याकडेही बँक संशयाने पाहील.

माझ्या एका गिऱ्हाईक ताईंची गोष्ट सांगते. माझं करंट खातं सासऱ्यांच्या जुन्या हार्डवेअरच्या दुकानाच्या नावाने आहे, आणि कार्डाच्या स्टेटमेंटवर तेच नाव उमटतं. लाडू मागवले आणि हार्डवेअरचं बिल आलं, म्हणून त्या घाबरल्या. त्यांनी बटण दाबलं नाही, मला फोन केला. दोन मिनिटांत उलगडा झाला, पुढची पंधरा मिनिटं आम्ही अनारशाला जाळी का पडत नाही यावर बोललो. आपण फोन केला असतात आणि म्हणाला असतात, "काकू, शंकरपाळे गोड झाले, थोडे पैसे परत करा," तर मी केले असते. फार तर मनातल्या मनात चार शब्द बोलले असते.

आता पुढची पायरी. गेटवेने माझे कागद पुढे पाठवले, आपल्या बँकेने ते नाकारले. अजून भांडायचं तर लवादापर्यंत जाता येतं. तिथे कार्ड कंपनी निवाडा देते आणि हरणाऱ्याच्या डोक्यावर शेकडो डॉलरची फी बसते. तेवढ्या पैशांत मी पुढच्या दिवाळीचं बेसन आणि साजूक तूप भरून ठेवीन. म्हणून मी तो नाद सोडला आणि लवाद इथेच नेमायचा ठरवला.

आपल्या मातोश्री दर संकष्टीला आमच्या गणपतीच्या देवळात येतात. मी त्यांना अद्याप काही बोललेले नाही. मागच्या संकष्टीला त्यांनी आपण होऊन विचारलं, "माझ्या मुलाला फराळ मिळाला ना गं वेळेवर?" मी म्हटलं, "बँकेचा निकाल आला की सांगते." त्या जरा गोंधळल्या. येत्या संकष्टीला मी फाइल बरोबर नेणार आहे. पायपुसण्याचा फोटो सगळ्यात वर ठेवला आहे. पायपुसणं त्यांनीच आपल्याला दिलेलं आहे, असं मला खात्रीलायकरीत्या समजतं.

त्या लवादात १२० दिवसांची मुदत नसते, अपील नसतं, आणि फी फक्त आपल्याला पडते.

आपली,
डोंबिवलीची काकू