मालकाची वाढ: गाळेधारकांसाठी प्राथमिक धडे

बदलापूरच्या खरवईला तुमचा भाड्याचा गाळा आहे. दोन वेल्डिंग मशीन, तीन माणसं, त्यातला एक जुना फिटर. कंपन्यांना लागणाऱ्या ट्रॉल्या, रॅक, मशीनवरची गार्डं बनवून देता. अंबरनाथच्या एका कंपनीकडे चार महिन्यांचं बिल अडकलंय. अभिनंदन! आत्मविकासाला लागणारी सगळी सामग्री तुमच्याजवळ आहे. धंद्यातून तेवढं लक्ष काढून घ्यायचं राहिलंय. सुरुवातीला जड जातं, मग सवय होते.

१. आधी नाव सुधारा. ‘काय करता?’ असं कुणी विचारलं, तर ‘फॅब्रिकेशनचं काम करतो’ असं सांगू नका. ‘इंडस्ट्रियल सोल्युशन्समध्ये आहे’ म्हणा. समोरच्याला काही कळणार नाही, आणि न कळणाऱ्या गोष्टीला मान असतो. व्हिजिटिंग कार्डावर ‘फाउंडर अँड सीईओ’ छापून घ्या. तीन माणसांच्या कंपनीला सीईओ लागतोच. नाहीतर त्या तिघांसाठी चहा कोण सांगणार?

२. पहाटे पाचला उठा. रॉबिन शर्मांनी २०१८ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं आणि ते जगभर खपलं. आता तुम्ही म्हणाल, बदलापुरात यात नवल ते काय? सीएसएमटी इथून ६८ किलोमीटर. चौथी सीट मिळावी म्हणून माणसं चारला उठतात, त्यांचा डबा भरणाऱ्या बायका त्याच्याही आधी. अर्धं गाव या पहाटे पाचच्या क्लबाचं जुनं सभासद आहे. पण गल्लत करू नका. ते कामाला जाण्यासाठी उठतात, तुम्हाला उठण्यासाठी उठायचंय. उठल्यावर वहीत कृतज्ञतेच्या तीन गोष्टी लिहा. तीन सुचल्या नाहीत, तर ‘जीएसटीची नोटीस आज आली नाही’ हे तीनदा लिहा.

३. नव्व्याण्णव रुपयांचा वेबिनार करा. सगळ्या वाढीचं मूळ इथे आहे, म्हणून हा धडा सावकाश वाचा.

रविवारी सकाळी दोन तास कोच तुम्हाला तुमची गरिबी समजावून सांगेल. शेवटच्या दहा मिनिटांत तो पुढच्या कोर्सची किंमत सांगेल, मग ती खोडेल, मग निम्मी करेल, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात घड्याळ उलटं पळू लागेल. ग्रिलचं कोटेशन देताना गिऱ्हाईक दोनशे रुपयांसाठी घासाघीस करतं तेव्हा तुम्ही चिडता ना? इथे चिडू नका. इथे भाव करणं हे ‘छोट्या मानसिकतेचं’ लक्षण धरतात. कार्ड काढा.

पुढची पायरी म्हणजे कर्जतजवळच्या फार्महाऊसवर तीन दिवसांचं निवासी शिबिर. कर्जत बदलापूरहून लोकलनं जाता येतं, पण तसं जाऊ नका; भाड्याची गाडी करा, विपुलतेची भावना यायला हवी. तिथे मोठ्यानं गाणी लावून नाचवतात, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून रडायला लावतात, आणि शेवटच्या रात्री निखाऱ्यांवरून चालवतात. तुम्ही वीस वर्षं अंगावर ठिणग्या घेताय, हातावर डाग आहेत. तरीही पैसे भरून चाला. गाळ्यातल्या ठिणग्यांना टाळ्या पडत नाहीत.

शिबिरात प्रश्नोत्तरं होतात. एखादा अडाणी हात वर करून विचारतो, ‘सर, कंपनी पैसे देत नाही, काय करू?’ हा प्रश्न तुम्ही विचारू नका. कोच शांतपणे सांगेल, ‘पैसा ही ऊर्जा आहे. तुम्ही ती अडवताय. वाहू द्या.’ ऊर्जा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहतेच आहे, त्यामुळे मुद्दा खोडता येत नाही.

या प्रश्नाला दुसरं एक उत्तर आहे, ते केवळ सावधगिरी म्हणून सांगतो. २००६ सालच्या एमएसएमई कायद्यानुसार छोट्या उत्पादकाचा माल स्वीकारल्यावर पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दरानं व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. तक्रारीसाठी सरकारी पोर्टल आहे. त्याला उद्यम नोंदणी लागते, आणि तीही सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. फुकट आहे, म्हणून तर कुणी शिकवत नाही. आणि समजा शिकलात, तक्रार केलीत, तर त्या कंपनीची पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाईल. हे एमआयडीसीतल्या पोराटोरांना ठाऊक आहे. कायदा लिहिणाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं. म्हणून म्हणतो, नाचा.

४. सूट शिवा. काळा. मे महिन्यात घाला.

५. नेटवर्किंग करा. महिन्यातून दोनदा सकाळी सातला कल्याणच्या हॉटेलात इडली खा आणि साठ सेकंदांत स्वतःची ओळख करून द्या. तिथे एक विमावाले, दोन इंटिरियरवाले, एक वेबसाइटवाले आणि तुमच्यासारखेच ऑर्डर शोधत आलेले बरेच जण भेटतील. सगळे विकायला आलेले असल्यामुळे वातावरण अत्यंत सकारात्मक असतं.

पण परतीच्या वाटेवर उल्हासनगरला उतरू नका. फाळणीनंतर सिंधमधून निर्वासित आले, लष्कराच्या जुन्या बराकींत राहिले, ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळालं. पुढे तिथे जीन्सपासून फर्निचरपर्यंत बाजार उभे राहिले, आणि एकाही बराकीत व्हिजन बोर्ड असल्याची नोंद नाही. तिथल्या एखाद्या जुन्या शेठकडे गेलात, तर तो कार्डावरचं सीईओ न वाचताच विचारेल, ‘मार्जिन किती? उधारी किती दिवसांची?’ तीन दिवसांच्या शिबिरात कमावलेला आत्मविश्वास दोन प्रश्नांत जाईल. नुकसान कोण भरून देणार?

६. पुस्तकं विकत घ्या. ‘थिंक अँड ग्रो रिच’ १९३७ सालचं आहे, ‘रिच डॅड पुअर डॅड’ १९९७ सालचं; दोन्ही मराठीत मिळतात. पाठीमागे मांडून व्हिडिओ करा. वाचायचं झालंच तर पहिलं प्रकरण पुरे. मात्र गावात ‘ग्रंथसखा’सारखं मराठी पुस्तकांचं मोठं वाचनालय आहे, तिकडे फिरकू नका. तिथे लक्ष्मणराव किर्लोस्करांचं चरित्रबिरित्र हाती लागायची भीती. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते म्हणणाऱ्या शेतकऱ्यांना तो पटवून पटवून विकणं. मग १९१० साली कुंडलजवळच्या माळरानावर कारखाना. फार वेळखाऊ प्रकार. त्यात कुठे पाच सूत्रंसुद्धा नाहीत.

७. किंमत कशी लावावी, हे शिका. कोर्सच्या चौथ्या भागात आहे, पण त्याची फी वेगळी. उन्हाळ्याच्या शेवटी स्टेशनाबाहेर जांभळं विकायला बसणाऱ्या आदिवासी बायकांकडे मात्र बघू नका. माल जेमतेम काही आठवड्यांचा, दुसऱ्या दिवसापर्यंत टिकेल याची खात्री नाही. वरची टपोरी जांभळं निराळ्या वाट्यात, बारकी निराळ्या. सकाळचा भाव एक, संध्याकाळच्या गाड्या रिकाम्या होऊ लागल्या की दुसरा. उधारी नाही. चौथ्या भागात याहून जास्त काही नाही, फक्त तिथे आलेख रंगीत आहेत.

८. गाळ्यावर जाणं हळूहळू बंद करा. ‘धंद्यात नव्हे, धंद्यावर काम करा’ असं कोच म्हणतोच. तुम्ही कल्याण-कर्जत करत असताना जुना फिटर माल तोलून घेतो, पत्र्याचा भाव विचारतो, डिलिव्हरीला टेम्पो सांगतो. मध्यंतरी त्यानं त्या अंबरनाथच्या कंपनीत अकाउंट्सवाल्याच्या टेबलासमोर दोन दुपारी नुसतं बसून अर्धं बिल सोडवून आणलं. आता गिऱ्हाईकं फोनही त्यालाच करतात. परवा तो शेजारच्या रिकाम्या गाळ्याचं डिपॉझिट किती, म्हणून विचारत होता.

गांगरू नका, चिडू तर मुळीच नका. पगार वाढवायच्याही फंदात पडू नका. त्याला प्रेमानं जवळ बसवा, खांद्यावर हात ठेवा, आणि नव्व्याण्णव रुपयांच्या वेबिनारची लिंक पाठवा. फी तुम्हीच भरा.