पुसलेल्या लग्नाचा जाब

‘स्पायडर-मॅन’चं कथानक ठरवणाऱ्या मार्व्हलच्या संपादकांना,

१९८७ साली तुम्ही पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, आणि त्याची प्रेयसी मेरी जेन यांचं लग्न लावलंत. ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या वार्षिकांकात तर लावलंतच, शिवाय न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर भरगर्दीत, खुद्द सहनिर्माते स्टॅन ली यांच्या हस्ते सोहळाही केलात. पुढची वीस वर्षं वाचकांनी तो संसार महिन्यामागून महिना विकत घेऊन वाचला. त्यातले रुसवे पाहिले, ताटातूट पाहिली, समेटही पाहिला.

आणि २००७च्या अखेरीस, ‘वन मोअर डे’ या कथेत, ते लग्न कधी झालंच नव्हतं असं तुम्ही सांगितलंत! पीटरला वाढवणाऱ्या मे काकूंना गोळी लागते. त्यांचा जीव वाचवायला पीटर मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करतो आणि मोबदल्यात आपलं लग्न देऊन टाकतो. कुणाला काही आठवतही नाही. १९९३ साली मेलेला त्याचा मित्र हॅरी ऑस्बॉर्नही त्याच झटक्यात जिवंत.

लग्नामुळे नायक पोक्त वाटतो आणि घटस्फोटित किंवा विधुर केला तर आणखीच पोक्त वाटेल, हे तेव्हाचे मुख्य संपादक ज्यो केसाडा यांचं म्हणणं. पण बेन काकांच्या मृत्यूचा दोष आयुष्यभर स्वतःच्या शिरावर वाहणारा हा मुलगा! आपल्या निर्णयाचे परिणाम पुसायला त्याला सैतानाच्या दारात उभं करताना तुमचा हात कसा कचरला नाही? कथेचे लेखक स्ट्रॅझिन्स्की यांनाही हा शेवट मान्य नव्हता. शेवटच्या अंकांवरून आपलं नाव काढावं, असं त्यांना वाटत होतं. घरचा माणूस सांगत असताना तरी ऐकायचं होतं.

जुन्या कथेत मागाहून बदल करणं, म्हणजे रेटकॉन, हा गुन्हा नाही. कॅप्टन अमेरिका दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीपासून बर्फात गोठलेला होता, असं १९६४ साली तुमच्याच ‘अ‍ॅव्हेंजर्स’ने सांगितलं. मग १९५०च्या दशकातल्या अंकांत लढणारा कॅप्टन कोण? स्टीव्ह एंगलहार्ट यांनी १९७२ साली उत्तर दिलं: तो खऱ्या कॅप्टनचा वेडा भक्त होता. जुना अंक जपणारा वाचक खोटा ठरला नाही. उलट त्या अंकाला नवा अर्थ मिळाला. तुम्ही मात्र वाचकाच्या वीस वर्षांवर बोळा फिरवलात.

मालिका चालते ती एकाच भरवशावर: आज घडलेलं उद्याही घडलेलंच राहील. तो भरवसा गेला, की पात्र मेलं तरी वाचक रडत नाही. ‘परत कधी आणणार?’ एवढंच विचारतो. मग तुमच्या लेखकांनी जीव ओतून लिहिलेल्या मृत्यूलाही वजन उरत नाही.

तेव्हा एकच मागणी. लग्नं मोडा, माणसं मारा, नायकाला हवं तेवढं रडवा, पण ते कथेत घडू द्या आणि त्याची किंमत पात्रांना मोजू द्या. घडलेलं पुसण्याचा अधिकार कायद्याने तुमच्याकडे असेल. वाचकाने तो तुम्हाला कधीच दिलेला नाही.

आपला,
एक वाचक