तात्यांची रेंज

संध्याकाळी तात्यांना शोधायचं तर घरात नाही, मांगरातही नाही, दोहोंच्या मधल्या फणसाखाली बघावं. मोबाइल डोक्याच्या वर धरलेला आणि घराकडे तोंड करून हाक, "झिला, आता काय केलंस? हय एकच काडी दिसता!" सिंधुदुर्गातल्या बहुतेक वाड्यांत असा एक तात्या असतो. घरात वायफाय आलं एवढ्यावर त्याचं भागत नाही. ते मागच्या मांगरापर्यंत गेलंच पाहिजे. मांगरात दोन गुरं, पेंढा, जुना नांगर आणि सुपारीची पोती. यांपैकी कोणीही इंटरनेट मागितलेलं नाही.

विचारलं तर कारणं तयार. वांदर नारळ पाडतात, कॅमेरा लावायचाय. मुंबईचा पुतण्या मे महिन्यात येतो, त्याला ऑफिसच्या कामासाठी शांत जागा हवी. खरं कारण वेगळं. तात्यांना न दिसणाऱ्या गोष्टी पकडायची हौस पहिल्यापासून. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा कौलांवर चढून अँटेना फिरवणारे हेच. "इला काय?" "इला, इला... गेला!" यात वाडीच्या रविवारच्या सकाळी गेल्या. रामायण सगळ्यांनी पाहिलं. तात्यांनी फक्त ऐकलं, तेही कौलांवरून.

तो अनुभव वायफायला मात्र लागू पडेना. राउटरच्या उभ्या अँटेना त्यांनी आडव्या करून बरोब्बर मांगरावर रोखल्या. या अँटेनांच्या लहरी चहूबाजूंना पसरतात, टोकातून मात्र जवळजवळ काहीच निघत नाही. म्हणजे तात्यांनी अचूक नेम धरून मांगर तेवढा वगळला. मग फोनमध्ये दोन नावं दिसली, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. तात्यांनी अर्थातच मोठा आकडा निवडला. ५ चं वायफाय जवळ असताना वेगवान, पण भिंत आली की लवकर हात टेकतं. २.४ चं त्या मानाने चिवट. इथे घराला जाड चिऱ्याची भिंत आणि मांगराला चारी बाजूंनी पत्रा. पत्र्यापुढे दोघांचंही फारसं चालत नाही.

त्यानंतर काकूंची परात राउटरच्या पाठीमागे उभी राहिली. दुर्दैवाने तिचा उपयोग झाला. मागे जाणाऱ्या लहरी थोड्याफार पुढे वळल्या आणि एक काडी वाढली. तेव्हापासून काकू पीठ ताटात मळतात.

रिपीटर आणला तो तात्यांनी थेट मांगरात बसवला, कारण रेंज तिथे हवी होती. पण रिपीटर स्वतः काही निर्माण करत नाही, ऐकलेलं पुढे सांगतो. ज्याला स्वतःलाच ऐकू येत नाही, तो दुसऱ्याला काय सांगणार? त्याची जागा मधे, जिथे घरचा सिग्नल अजून धड आहे तिथे. पुतण्याने तो पडवीच्या कोपऱ्यात हलवला आणि मांगराच्या दारात चित्र उमटलं. वेग निम्म्यावर आला, कारण साधा रिपीटर एकाच वेळी ऐकू आणि बोलू शकत नाही. तरी तात्यांनी वाडीत पेढे वाटले.

हे वैशाखात. आषाढात फणस, पोफळी, केळी सगळं भरून आलं आणि ओल्या पानांनी ती उरलेली काडीही पिऊन टाकली. या लहरींना पाणी मानवत नाही. तात्यांनी फणसाकडे असं पाहिलं की काकूंनी कोयता लपवून ठेवला.

काकूंचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच होतं. "ओ, एकदाची तार घाला मा." पण तारेत तात्यांना कमीपणा वाटतो. "तार काय, कोणय ओढतलो. हवेतसून नेवक अक्कल लागता."

शेवटी पोफळींना पाणी न्यायला पाइपचा चर खणला. तात्या तालुक्याला बूस्टर बघायला गेले होते. काकूंनी गड्याला सांगून त्याच चरात एक रिकामा पाइप टाकून घेतला. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि मांगर त्याच्या निम्म्याहून कमी अंतरावर, पण वायरमन पोरगा म्हणाला, "काकू, फायबर घालूया." आपल्याकडे पावसाच्या आधी विजा पडतात. दोन इमारतींमध्ये तांबं ओढलं तर एकीकडची वीज दुसरीकडच्या यंत्रात शिरू शकते. फायबर काचेचं, त्यातून वीज जात नाही. दोन टोकांना दोन छोट्या डब्या आणि मांगराच्या आत, पत्र्याच्या अलीकडे, एक अॅक्सेस पॉइंट. जेवणाआधी काम संपलं.

तात्या परतले, मांगरात गेले, फोन वर धरला. सगळ्या काड्या. खाली धरला, तरी सगळ्या. पेंढ्याच्या मागे जाऊन पाहिलं, तिथेही. माणूस एवढा खचलेला वाडीने पाहिला नव्हता. जेवले नाहीत. रात्री मात्र काकूंना त्यांचा आवाज ऐकू आला, "विहिरीवरच्या पंपाचा काय करूया?"

तुमच्या घरी असा तात्या असेल तर एवढंच करा. कुठल्याही कामासाठी चर उघडला की त्यात एक जास्तीचा रिकामा पाइप टाकून घ्या, विजेची वायर त्या पाइपात चुकूनही घालू नका, आणि तात्यांना चर बुजल्यावरच सांगा.