बिनवजनाचं ओझं

१:३५ प्रमाणातल्या लष्करी ट्रकच्या मॉडेलवर लादायचा वीस लिटरचा जेरीकॅन जेमतेम साडेतेरा मिलिमीटर उंच भरतो. तो तयार मिळतो, तरी निष्ठावंत छांदिष्ट प्लॅस्टिकचा पातळ पत्रा कापून, घासून, वर बारीक मुठी चिकटवतो. तीनच; मूळ जर्मन डब्याला तेवढ्याच होत्या, आणि इथे चौथी म्हणजे महापाप! ताडपत्रीसाठी टिश्यू पेपर पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडतो. याला रिकामा उद्योग म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. साच्यातले सगळे डबे जुळे भाऊ असतात; पोचा आलेला, कलंडलेला डबा हातानेच घडतो. तक्रार वेगळी आहे. लांबी पस्तीसपट घटली की वजन बेचाळीस हजारपटींहून जास्त घटतं. वीस किलोचा भरलेला डबा अर्ध्या ग्रॅमवर येतो. त्याने प्लॅस्टिकची स्प्रिंग दबणार कशी? ‘वजन दिसतं कुठे?’ असं कुणी विचारेल. दिसतं की, स्प्रिंगच्या दबलेल्या पाट्यांत आणि जमिनीशी फुगलेल्या टायरांत. म्हणजे तेही कोरूनच दाखवायला हवं. पण मुठी मोजणारे टायर मोजत नाहीत, म्हणून डोंगराएवढा माल लादलेला हा ट्रक नुकताच शोरूममधून निघाल्यासारखा ताठ उभा असतो.