मुळशीत राहून विमानवेडे कसे व्हावे

लागणारे साहित्य: वळणारी मान, पत्रे न ठोकलेली गच्ची आणि एक दुर्बीण. दुर्बीण साधी चालते. फक्त ती समोरच्या सोसायटीच्या दिशेने धरू नये. ‘वरून एअरबस चालली होती’ हा खुलासा आजवर कोणालाही पटलेला नाही.

जागेची चिंता नको. भूगावपासून पौडपर्यंत टॉवर उठले असले, तरी त्यांच्या वरचा भाग अजून कोणी एनए करून घेतलेला नाही. मुंबईला उतरायला निघालेली विमाने तिथे दिसतात, लोहगावची सुखोई ऐकू येतात. फोनमधले ॲप मात्र लगेच उघडू नका. आधी विमान डोळ्यांनी ओळखा, वहीत लिहा, मग ॲपमध्ये पाहून आपली चूक काढा. उलट क्रमाने केलेत तर तुम्ही नुसते वेळापत्रक वाचताय.

पावसाळ्यात दुर्बीण कपाटात जाते. 25 जुलै 2024 ला ताम्हिणीत चोवीस तासांत 556 मिलिमीटर पाऊस झाला. अशा हवेत हा छंद फक्त कानांनी करायचा असतो. तावदाने थरथरली तर सुखोई. बाकी सगळा गडगडाट इंद्राच्या खात्यातला, तो वहीत लिहू नये.

आता प्रेमाकडे वळू. नवशिक्याचे पहिले प्रेम म्हणजे स्पिटफायर, दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटिश लढाऊ विमान. हरकत नाही, गोवरासारखे ते येऊन जाते. लंबवर्तुळाकार पंख, मर्लिन इंजिनाचा तो घोगरा सूर, पांढऱ्या मफलरातले वैमानिक. इतक्या देखण्या विमानावर प्रेम करायला अक्कल लागत नाही. मुरलेला विमानवेडा लिबरेटरपाशी थांबतो.

बी-24 लिबरेटर हे चार इंजिनांचे अमेरिकी बॉम्बर. पोट सुटलेले, शेपटीला दोन उभ्या फळ्या, एकूण रूप गोदामाचे. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा कानपूरला अशी कितीतरी विमाने पडून होती. माल अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर आलेला आणि युद्धानंतर तो कोणी वापरायचा नाही, अशी अट. म्हणून इंग्रजांनी जाण्याआधी विमानांची मोडतोड केली, इंजिनांत वाळू ओतली. मग बंगळूरहून हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसे तिथे गेली. एकाचा पंख, दुसऱ्याची चाके, तिसऱ्याचे इंजिन असे जुळवत त्यांनी चाळीसच्या आसपास लिबरेटर उडते केले. जमशेद मुन्शी नावाच्या वैमानिकाने ती ठिगळे लावलेली विमाने कानपूरहून बंगळूरला उडवत नेली. भारतीय हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. तोवर जगात दुसरीकडे कुठेही लष्करी लिबरेटर उरला नव्हता. त्यांतली एक तुकडी, क्रमांक सहाची स्क्वाड्रन, आपल्या लोहगावला होती. पुण्यातून उडून समुद्रावर पहारा करणे हे तिचे काम. आज ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयात किंवा अमेरिकेत टूसॉनला लोक ज्या लिबरेटरपुढे उभे राहून हळहळतात, तो भारतीय हवाई दलाकडूनच तिकडे गेला आहे. नवशिक्याने एवढे तोंडपाठ करावे. स्पिटफायरवाला समोर आला की उपयोगी पडते.

प्रवासी विमानांच्या बाबतीत मुळशीकरांसाठी एक खास पथ्य आहे. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटांनी पस मॉथ या चिमुकल्या विमानातून कराचीहून जुहूला टपाल आणले, एअर इंडियाची गोष्ट तिथे सुरू होते, वगैरे वगैरे. ही गोष्ट पुण्यात कुठेही रंगवून सांगा. धरणाच्या काठच्या गावात, ओसरीवर बसलेल्या आजोबांसमोर सांगताना मात्र बेताने. त्यांच्या घराण्याची भातखाचरे टाटांच्याच धरणाखाली गेली आहेत. सेनापती बापट 1921 चा सत्याग्रह लढले तो त्यासाठीच. ‘खाली आमची जमीन बुडवली आणि वर विमान सोडलं,’ असे कोणी म्हणाले तर वाद घालू नये. म्हणणे खोटे नाही. चहा घ्यावा आणि बोइंगचा विषय काढावा.

बोइंगचा विषय काढायचा तर 747. एअर इंडियाचे शेवटचे जम्बो 22 एप्रिल 2024 ला मुंबईहून कायमचे निघाले आणि उडताच वैमानिकाने पंख डावीकडे-उजवीकडे हलवून निरोप घेतला. त्याची चित्रफीत पाहताना डोळे भरून येणे ही या छंदाची पहिली परीक्षा. घरच्यांनी विचारले तर कांदा चिरत होतो म्हणावे.

पुण्यातल्या समारंभांत जपून बोलावे. या शहरात निवृत्त हवाई दलवाले पुष्कळ. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर लढलेले, 1947-48 च्या काश्मीर मोहिमेसाठी महावीर चक्र मिळवलेले आणि पुढे हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मूळगावकर निवृत्तीनंतर पुण्यातच राहत होते. तेव्हा लग्नाच्या पंगतीत ‘हरिकेन तसं हळूच होतं’ असे विधान ठोकण्यापूर्वी शेजारी मठ्ठा पिणारे काका कोण आहेत याची चौकशी करावी.

प्रत्येक कट्ट्यावर एक जण शिवकर बापूजी तळपदे यांचे नाव घेतो: 1895, चौपाटी, राइट बंधूंच्या आधी. त्या दाव्याला पुरावा म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ पुढे केला जातो. त्यातली विमाने उडू शकत नाहीत, हे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 सालीच दाखवून दिले आहे. पण हे तिथे सांगून काही होत नाही. मराठी माणसाच्या विमानाचा अभिमान वाटायचाच असेल, तर अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर बांधलेले विमान आहे. ते खरे आहे, आणि तुमची गच्ची रिकामीच आहे.

लोहगावला कॅमेरा काढू नये. तो हवाई दलाचा तळ आहे. ‘मी नुसता हौशी आहे’ हे वाक्य पहारेकऱ्यांनी तुमच्या आधी बऱ्याच जणांकडून ऐकलेले असते.

हात लावता येईल इतक्या जवळून विमान पाहायचे तर मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत हे भारतात बनलेले लढाऊ विमान उभे आहे. ते रचणारे कुर्ट टांक म्हणजे महायुद्धात जर्मनांचे फॉक-वुल्फ 190 लढाऊ विमान रचणारे गृहस्थ; 1956 मध्ये ते बंगळूरला आले आणि 1961 मध्ये मारुत उडाले. स्पिटफायरच्या वैमानिकांना घाम फोडणाऱ्या विमानाचे हे चुलत भावंड. शाळेची सहल त्याच्यासमोर उभी राहून डबा खाते, त्यांना काही सांगायला जाऊ नका. बाई हाकलतात.

खरी तीर्थयात्रा मात्र गोव्याची. घरी समुद्र म्हणून सांगावे. ताम्हिणीतून खाली माणगावला उतरले की महामार्ग लागतो. दाबोळीजवळ, बोगमाळ्याच्या वाटेवर, नौदलाच्या विमान संग्रहालयात ‘रानी ऑफ एलोरा’ उभी आहे. आपल्या वेरूळचे नाव लावलेले सुपर कॉन्स्टेलेशन. चार पिस्टन इंजिने, माशासारखे वळलेले अंग आणि शेपटीला तीन फळ्या; एकच उंच फळी केली असती तर ती हँगरच्या दारात अडकली असती, म्हणून तीन. 1950 च्या दशकात एअर इंडियाने ती परदेशी उड्डाणांसाठी घेतली. 1960 मध्ये जेट बोइंग 707 आले आणि राण्या एका फटक्यात जुन्या झाल्या. मग त्यांतल्या काही हवाई दलात गेल्या. गादीच्या खुर्च्या निघाल्या, रडार आले. कुठल्या तुकडीत? तीच, लोहगावची सहावी, लिबरेटरवाली. ज्या विमानातून साहेब लोक लंडनला गेले, तेच पुण्याहून रात्र रात्र अरबी समुद्र धुंडाळू लागले. 1976 मध्ये ही विमाने नौदलाकडे सोपवली गेली आणि गोव्याची झाली. स्पिटफायरच्या पोरांनी असे तीन संसार केलेले विमान दाखवावे.

निघण्यापूर्वी वार तपासा, संग्रहालय सोमवारी बंद असते. राणी उघड्यावर उभी आहे, टोपी घ्या. तिच्याभोवती एक पूर्ण फेरी मारा, मग पोटाखालून एक, मग शेपटीकडून. फोटोंत फक्त विमान असावे, नातेवाईक नकोत. पाचव्या मिनिटाला मुले ‘झालं का?’ विचारतील आणि सासूबाई ‘हे उडतं का अजून?’ म्हणतील. ‘नाही’ एवढेच उत्तर द्या, इतिहास सुरू करू नका. बोगमाळ्याचा किनारा जवळच आहे. गाडीची चावी त्यांच्या हातात द्या आणि त्यांना पुढे पाठवा.